भिजत घातलेली होडी

माझी होडी सिल्वासात बैलगाडीतून आली. हे मीच आधी सांगून टाकतो, नाहीतर दुसरं कोणीतरी सांगणारच. दोन गाड्या पुढंमागं जोडल्या, वर दोन लांब वासे टाकले, त्यांवर बारा हातांची सागवानी शिडाची होडी काथ्यानं बांधली, आणि डोलकाठी मागं लोंबत. भरदुपारी बाजारातून ती वरात गेली. दुकानदार पायरीवर आले. शाळेतले एक मास्तर, मुंबईकडचे, धोतराचा सोगा हातात धरून मोठ्यानं म्हणाले, "अरे, दर्या इथून आठ कोस लांब! नवरी चुकीच्या गावाला आली की!" सगळे हसले. मी पुढच्या बैलांच्या बाजूनं चालत होतो. मी हसलो नाही आणि वळूनही बघितलं नाही. स्वतःच्या होडीपुढं मान खाली घालून चालणं मला जमत नाही.

दमण मोकळं झालं त्याच्या पुढच्या सालातली ही गोष्ट. तेव्हाचं सिल्वासा म्हणजे एक बाजार, एक देऊळ, पोर्तुगीजांच्या वेळचं चर्च, चार कचेऱ्या आणि आमच्यासारख्या नोकरदारांच्या खोल्यांची रांग. बाकी जंगल. आज सायली नि राखोली गावांत कारखान्यांची धुराडी दिसतात, तिथं तेव्हा भात आणि साग. पण नदी होती. दमणगंगा. आणि ती नदी शेवटी माझ्याच दर्याला जाऊन मिळते, हे मी सोडून कोणाच्या ध्यानात नव्हतं.

मी बांधकाम खात्यात खलाशी. नाव खलाशी, पण खात्यातल्या खलाशाला पाण्याशी काही देणंघेणं नसतं. साहेबानं दुर्बिणीतून बघायचं आणि आपण रंगवलेली पट्टी धरून उन्हात उभं राहायचं. वर सकाळ-संध्याकाळ नदीतल्या खांबावरचे आकडे वाचून पाणी किती चढलं-उतरलं ते कळवायचं. शाळा माझी दुसरीपर्यंत. आकडे येत होते, सही येत होती. हेसुद्धा मी माझ्या हातानं लिहितोय. नातीनं काना-मात्रा नीट केला, पण वाक्याला हात लावू दिला नाही.

खरा खलाशी मी त्याआधी होतो. डहाणूच्या वर किनाऱ्याला आमचं गाव. बाप तांडेल, म्हणजे होडीचा मालक नि हाकणारा. नऊ वर्षांचा असल्यापासून मी त्याच्या होडीवर. पण भाऊ चार आणि होडी एक. मी तिसरा. लग्न झालं, आणि मी नोकरी धरली. बाप बोलला काही नाही. मी निघालो तेव्हा तो जाळं विणत होता, त्यानं फक्त दोऱ्याची गाठ मारली आणि पुढची गाठ घेतली. ते मला बोलण्यापेक्षा जास्त लागलं. तेव्हाच मनाशी ठरवलं, होडी करीन तर माझी करीन. नोकरीत राहून करीन.

ती मला दमणला सापडली. मोजणीच्या कामाला आम्हाला तिकडं पाठवलं होतं. खाडीच्या कडेला एका म्हाताऱ्या कोळ्याच्या अंगणात ती पालथी पडलेली, वर कोंबड्या बसलेल्या. रंग उडालेला, शिडाचं बोचकं नाळेत, म्हणजे पुढच्या टोकात, कोंबलेलं. मी बोटाच्या पेरानं फळ्या ठोकत पुढून मागं गेलो. कुजकं लाकूड भद्द बोलतं. ही सगळीकडं टणटण बोलली, फक्त मागच्या कोपऱ्यात एका जागी जरा घोगरी. म्हातारा ओट्यावरून बघत होता. म्हणाला, "वैद्य हायस की काय?"

मी म्हणालो, "तांडेलाचा पोरगा हाय."

"मग ने. मला आता ओढवत नाही. इथं राहिली तर कोंबड्यांची होईल."

एवढ्यावर ती माझी झाली. संक्रांत उलटल्यावर भरतीबरोबर ती नदीतून वर आणली, जिथवर भरती चढते तिथवर. पुढं खडक आणि गुडघाभर पाणी. तिथून गाड्या.

गाडीवान राखोलीचा, इथलाच माणूस, माझ्याहून पाच-सात वर्षांनी मोठा. गाड्या हाकायचा आणि गाड्यांची चाकंही बनवायचा. समुद्र त्यानं जन्मात बघितला नव्हता. पहिल्याच दिवशी त्यानं मला नाव पाडलं. "हां तांडेल, बसा होडीत. मी हाकतो." तेव्हापासून तो मला तांडेलच म्हणायचा, आणि त्यातलं चिडवणं किती नि मान किती हे मला कधी कळलं नाही.

घाटावर, खात्याच्या मोकळ्या जागेत एक जांभूळ होती. तिच्यापासून दहा पावलांवर होडी ओंडक्यांवर ठेवली. मुद्दाम सावली सोडून ठेवली. आमच्याकडं दर्यातून काढलेली होडी उन्हाला घालतात. खाऱ्या पाण्यात लाकडाला किडा लागतो, तो उन्हानं मरतो. मग खरवडायची, सांधे भरायचे, तेल पाजायचं. बापानं असंच केलं, त्याच्या बापानं असंच केलं. मी पण असंच केलं. फाल्गुन, चैत्र, वैशाख, तीन महिने ऊन.

चैत्रात आमचे इंजिनिअर साहेब घाटावर आले. पुण्याकडचे, तरुण, चष्मा लावायचे. होडीभोवती एक फेरी मारून म्हणाले, "काय रे खलाशी, ही काय भानगड?"

"होडी, साहेब."

"ते दिसतंय मला. सरकारी जागेत कशाला?"

"नदी सरकारची आहे, साहेब. होडी नदीजवळच ठेवायला लागते."

बरोबरचे कारकून हसले. साहेब पण जरा हसले, मग म्हणाले, "पावसाळा संपला की इथं खडी पडणार. ढीग लागतील. जागा मोकळी हवी."

"त्याच्याआधी ती पाण्यात असेल."

"म्हणजे कधी?"

"नारळी पौर्णिमेला."

"आणि नसली तर?"

इथं शहाणा माणूस म्हणाला असता, हलवतो साहेब दुसरीकडं. मी म्हणालो, "नसली तर फोडून टाका. कुऱ्हाड मी आणून देईन."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "बघ हां. चार माणसांत बोलतोयस. मी विसरणार नाही."

"विसरू नका," मी म्हणालो.

संध्याकाळी घरी बायकोनं विचारलं. तिच्यापर्यंत आधीच आलं होतं. कचेरीतली गोष्ट आमच्या खोल्यांच्या रांगेत माझ्या आधी पोचायची. "अवो, कुऱ्हाड आणून देईन म्हणालात?"

"म्हणालो."

"घरात कुऱ्हाड एक, तिचा बी दांडा मोडलेला."

"दांडा घालून घेईन."

"मग दांडाच घाला आधी. होडीचं मागून बघू." आणि ती भाकरी थापायला लागली. ती पण किनाऱ्याचीच. तिच्या बापाच्या दोन होड्या होत्या, हे ती मला वर्षातून एकदा तरी ऐकवायची.

त्याच आठवड्यात गाडीवान नदीवर चाकं घेऊन आला. त्याची पद्धत अशी की उन्हाळ्यात सुकून खिळखिळी झालेली चाकं तो नदीत टाकायचा, वर दगड ठेवायचा. दोन-तीन दिवसांत लाकूड फुगून चाक आपोआप घट्ट. चाकं टाकून तो होडीजवळ आला. एका सांध्यात त्यानं करंगळी घातली. पेरभर आत गेली.

"तांडेल, हिला उन्हात कसाला टाकली?"

"किडा मरायला."

"किडा तर मेला असंल. आता लाकूड मरतंय. माझ्या चाकाला एवढी फट पडली तर लोखंडी धाव निघून रस्त्यात पडंल. हिच्यावर ओली पोती तरी घाल."

"तू तुझ्या चाकाचं बघ. होडीतलं तुला काय समजतंय?"

"नाय समजत," तो म्हणाला, आणि विडी पेटवून बैलांकडं गेला. राग नाही, काही नाही. मला वाटलं, जिंकलो.

वैशाखात मी कलाफत केली. कलाफत म्हणजे फळ्यांच्या सांध्यांत तेलात भिजवलेली कापसाची वात ठोकून बसवायची आणि वरून राळ भरायची, पाणी आत येऊ नये म्हणून. मुशी माशाचं तेल गावाहून डब्यातून आणलं. बायकोनं तीन दगडांवर राळ आणि तेल कढवलं. वास असा सुटला की दोन खोल्यांपलीकडच्या मास्तरीणबाई नाकाला पदर लावून आल्या. कोकणातल्या होत्या, पण वरच्या अंगाच्या, घाटाजवळच्या. "अगं बाई, काय शिजवतेस?"

बायको म्हणाली, "सवत आलीय ना माझी, घाटावर बसलीय. आंघोळीचं तेल हाय तिच्या."

त्या बाई दुसऱ्या दिवसापासून स्वतःहून बघायला यायच्या.

कलाफत करताना आवाज ऐकायचा असतो. लाकडी मोगरी मारताना पहिल्यांदा मऊ आवाज येतो, मग जरा कोरडा होतो. तो कोरडा झाला की थांबायचं. पण इथं फटी एवढ्या रुंद की एका वातीनं आवाज बदलेचना. मी दुसरी घातली. काही ठिकाणी तिसरी. आणि आवाज कोरडा झाल्यावरही चार-चार ठोके जास्त मारले, कारण साहेब बघणार होते, कारकून बघणार होते, आणि ते मुंबईचे मास्तर. सगळे सांधे असे भरले की सुरीचं टोक जाणार नाही. हात फिरवला तर आरशासारखं. आयुष्यात एवढी देखणी कलाफत मी केली नव्हती. ती बघून माझ्याच डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू.

शीड बायकोनं शिवलं. जुन्याला पाच ठिगळं लावली, मोठ्या सुईनं, दुहेरी दोऱ्यानं. मग ऐनाच्या झाडाच्या सालीत उकळून रंगवलं, म्हणजे कुजत नाही. आमच्या गावाला ती साल जंगलातून मागवायला लागते, इथं गाडीवानानं भारा आणून दारात टाकला. जांभ्या दगडासारखा लाल रंग आला. दोरीवर वाळत घातलं तर सगळी रांग लाल दिसायला लागली.

पाऊस लागायच्या आधी मी होडीवर सागाच्या पानांचं छप्पर केलं. आमच्यात जेठापासून नारळी पौर्णिमेपर्यंत होडी पाण्याला लागत नाही. दर्या खवळलेला असतो. नारळ अर्पण केल्यावर मगच. एकदा आषाढात साहेब छत्री घेऊन घाटावर आले. नदी दुथडी भरून चालली होती.

"अरे, पाणी आलं की! घाल ना होडी. आज घाल, उद्या घाल. कुऱ्हाडीचं मी सोडून देतो."

"नारळाच्या आधी नाही, साहेब."

"ती दर्याची पद्धत. इथं पावसाळ्यातच तर नदीला पाणी असतं. पाणी आहे तेव्हा तुझी होडी छपराखाली, आणि पाणी आटल्यावर नदीत?"

"होडी दर्याची आहे, साहेब."

साहेबांनी छत्री सावरली. "मग तुझं तू जाण," म्हणाले आणि गेले. बोलण्यात ते बरोबर होते. पण मी वाकणार नव्हतो.

नारळी पौर्णिमेला आठ दिवस राहिले होते. रविवार. आम्ही दोघं जेवायला बसलो होतो. घाटाकडून आवाज आला, बंदुकीचा बार नव्हे, पण लाकडी पेटीचं झाकण कोणी आपटावं तसा. मग दुसरा. बायको म्हणाली, "फांदी मोडली वाटतं जांभळीची."

फांदी नव्हती, हे मला तिच्या आधी कळलं. मी उष्ट्या हातानं गेलो. छपराखाली वाकून बघितलं. तळाकडून तिसरी फळी, डाव्या अंगाची, मागच्या टोकाला उचकटून बाहेर आली होती. हातभर लांब. खिळे आतल्या फासळीतून उपसून निघालेले, आणि त्या फटीतून माझी कापसाची वात जिभेसारखी लोंबत होती. पाण्याचा एक थेंब होडीला मी लागू दिला नव्हता. दोन महिन्यांच्या पावसाळी हवेनंच लाकूड फुगलं, आणि फुगायला जागा कुठं? जागा मी ठोकून ठोकून भरून टाकली होती.

मग तिथंच चिखलात बसलो. आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. किनाऱ्याला होडी दोन महिने वाळूवर राहिली तरी दर्याची ओल हवेतून तिला मिळत राहते. फट पडते ती दोऱ्याएवढी. इथं तीन महिने भट्टीचा वारा खाऊन लाकूड हाडासारखं झालं होतं, आणि मी त्या फटी किनाऱ्याच्या हिशेबानं भरल्या. बापाच्या पद्धतीत चूक नव्हती. बापाची पद्धत मी चुकीच्या गावाला आणली होती. मास्तर नवरीला बोलले होते, ते मला लागू होतं.

बायको मागून आली. बघितलं तिनं. "आता?"

"झोपेत कूस बदलली तिनं," मी म्हणालो.

"तुमची बी बदला आता," ती म्हणाली. "त्या गाडीवाल्याला बोलवा."

"त्याला कशाला?"

"मग कुऱ्हाडीला दांडा घातला का?"

मी राखोलीला चालत गेलो. चिखलातून तास-दीड तासाची वाट. सबंध वाट मी मनात वाक्यं जुळवत होतो, आणि एकही जुळलं नाही. तो ओसरीत चाकाचा आरा तासत होता. मला बघून त्यानं पाट सरकवला. मी बसलो नाही. म्हणालो, "तुझ्याकडं पाचरी आहेत का? सागाच्या?"

"हायत."

"आणि गिरमिट?"

"हाय." तो तासतच होता. मग मान वर न करता म्हणाला, "पण होडीतलं मला काय समजतंय, तांडेल?"

आतून त्याची बायको हसली, ते ऐकू आलं. मी म्हणालो, "लाकडातलं समजतं ना? मला लाकडातलं समजत नाही. मला ओलं लाकूड तेवढं समजतं."

त्यानं तासणी खाली ठेवली. "हां. हे खरं बोललास." आणि हत्यारांची पिशवी काढायला आत गेला.

आल्यावर त्यानं पहिलं काम केलं ते माझ्या कलाफतीवर हात फिरवला. म्हणाला, "काम देखणं केलंस. सगळं उपसायला लागंल." तीन दिवस आम्ही ते उपसलं. कचेरीच्या आधी, कचेरीच्या नंतर. राळ खरवडायची, वात आकड्यानं ओढायची. बायको जुनी गोधडी उसवावी तशी एकेक वात उसवून बाजूला ढीग करत होती. तो ढीग बघायला मी त्या बाजूला तोंडच केलं नाही. उचकटलेल्या फळीवर गरम पाण्याची पोती टाकली, दोर आवळला, गाडीवानानं दोराखाली पाचर मारली, एक ठोका आणि थांब, एक ठोका आणि थांब. अर्ध्या दिवसात फळी जागेवर आली. नवे खिळे जुन्या भोकांपासून चार बोटं सरकून मारले.

"आता हिला नदीत टाक, चार दिवस बुडवून ठेव," तो म्हणाला. "जेवढं फुगायचं तेवढं फुगू दे. मग राहील त्या फटीत वात घाल. चाकाचं बी असंच."

मी म्हणालो, "नारळाच्या आधी पाण्यात नाही."

आता तो चिडला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा. "अरे, तुझा साहेब कुऱ्हाड घेऊन बसलाय! पाच दिवस राहिले!"

"साहेबानं फोडली तर फोडू दे. नारळाच्या आधी माझी होडी पाण्याला लागणार नाही."

तो बायकोकडं बघायला लागला. ती म्हणाली, "माझ्याकडं नका बघू. मी बी त्याच गावची हाय."

त्यानं विडी काढली, पेटवली नाही. होडीकडं बघितलं, छपराकडं बघितलं. वर ढग भरून आले होते. मग एकदम म्हणाला, "होडी पाण्यात घालायची नाय ना? बरं. मग पाणी होडीत घालू."

आणि मी काही बोलायच्या आत त्यानं सागाच्या पानांचं ते छप्पर दोन्ही हातांनी ओढून जमिनीवर टाकलं. ज्या छपरानं मी दोन महिने तिला जपत होतो.

पाऊस पडला की होडी भरायची. उघडीप पडली की आम्ही नदीवरून हंडे आणून ओतायचो. बायको, मी, गाडीवान आणि त्याची बायको. पहिल्या दिवशी चाळणीतून गळावं तसं सगळीकडून पाणी गळत होतं. हंडा ओतायचा नि होडीखालून तो वाहून परत नदीला जायचा. ते मुंबईचे मास्तर घाटावर येऊन उभे राहिले. "अहो, होडीत बसून नदी पार करतात ना? तुम्ही तर नदीलाच होडीतून पार करताय!" बायकोनं डोक्यावरचा रिकामा हंडा उतरवून त्यांच्या हातात दिला. "मग घ्या, तुम्ही बी एक खेप मारा." आणि खरं सांगतो, मास्तरांनी धोतर खोचून चार खेपा मारल्या.

तिसऱ्या दिवशी धारा बारीक झाल्या. चौथ्या दिवशी थेंब. पाचव्या दिवशी सकाळी मी गेलो तर होडी काठोकाठ भरलेली आणि खाली जमीन सुकत आलेली. फक्त दोन-तीन जागी ओल पाझरत होती. पाणी उपसलं. त्या तेवढ्याच जागी एकेक वात घातली, बोटानं दाबल्यासारखी, मोगरी नुसती लावून. आवाज कोरडा झाला तसा हात मागं घेतला. ओल्या लाकडाला राळ धरत नाही, म्हणून राळ भरलीच नाही. दिसायला होडी भिकारी दिसत होती. पाच महिन्यांपूर्वी असली होडी मी कोणाला दाखवली नसती.

नारळी पौर्णिमेला घाटावर शंभर माणूस तरी असेल. साहेब आले होते. मी कुऱ्हाड नेली होती, नवा दांडा घालून, आणि साहेबांच्या पायाशी ठेवली. बोललो होतो ना. साहेब म्हणाले, "अरे, हे काय," पण ती उचलून कोणाकडं दिली नाही त्यांनी. बोलणं त्यांनीही धरून ठेवलं होतं.

बायकोनं नारळाला हळद-कुंकू लावलं. कोणीतरी मागून म्हणालं, "नदीला कोण नारळ देतं?" ती म्हणाली, "नदी पोचवंल." मी नारळ सोडला. तो गटांगळी खाऊन वर आला आणि दमणच्या वाटेला लागला. मग गाडीवानाच्या बैलांनी होडी ओंडक्यांवरून ओढत पाण्याला लावली. ती तरंगली. हे मी किती साधं लिहिलं. त्या घटकेला माझ्या कानात काही ऐकू येत नव्हतं.

मी आत चढलो आणि तळाला बघत बसलो. किती पाणी येतंय? फासळ्यांमध्ये ओल आली, मग तांब्याभर पाणी जमलं. मी करवंटीनं ते उपसलं. परत अर्धा तांब्या जमलं. आणि मग जमेना.

"बस," मी गाडीवानाला म्हणालो.

"मी? माझ्या बापजाद्यांत कोण होडीत बसलं नाय."

"माझी होडी बसली होती ना तुझ्या गाडीत?"

तो बसला. दोन्ही हातांनी काठ धरून, डोळे मिटून. तीन दिवस पाऊस उघडला होता, नदीचा जोर उतरला होता, आणि पश्चिमेचा वारा दमणकडून सरळ नदीच्या अंगानं वर येत होता. मी शीड चढवलं. लाल शीड एकदा फडफडलं आणि पोटाशी भरलं. सुकाणू फिरवून मी तिला काठाजवळच्या संथ पाण्यात घातलं, आणि ती प्रवाहाच्या उलटी, वर, राखोलीच्या अंगाला चालायला लागली. वल्हं नाही, बांबू नाही, दोर ओढणारा माणूस नाही. घाटावर गलका झाला. इथल्या लोकांनी नदीत वस्तू खाली जाताना बघितली होती. आपोआप वर जाताना कोणी बघितली नव्हती. साहेब काठानं आमच्याबरोबर चालत होते, मग जरा पळायला लागले, चष्मा धरून. "अरे खलाशी! उलटी कशी काय चालली ही?"

मी उभा राहून ओरडलो, "वाऱ्यानं, साहेब! दर्याची आहे ती!"

गाडीवानानं एक डोळा उघडला. काठ मागं सरकताना बघितला. मग दुसरा उघडला. "तांडेल," म्हणाला, "बैलाशिवाय चालतंय की हे."

वळणापर्यंत गेलो, शीड उतरवलं आणि प्रवाहाबरोबर परत आलो. साहेबांनी कुऱ्हाड स्वतःच्या हातानं मला परत दिली. खडीचे ढीग त्या साली जांभळीच्या पलीकडं पडले. होडीची जागा पुढं अकरा वर्षं होडीचीच राहिली. साहेब बदलले, तरी येणाऱ्या प्रत्येक साहेबाला आधीचा साहेब सांगून जायचा, ती जागा खलाशाच्या होडीची.

अकरा वर्षांत मी तिच्या चार फळ्या बदलल्या, मागचा घोगरा कोपरा नवा केला, शिडं दोन झाली. पण कधी फळी उचकटली नाही. दर वैशाखात मी तिला जांभळीच्या सावलीत ठेवायचो, काठोकाठ पाणी भरून. आमच्या गावचे कोणी पाहुणे आले तर हसायचे. एकदा बाप आला. तो हसला नाही. काठाशी उभा राहून त्यानं पाण्यात हात घातला, खालून फळ्यांवर हात फिरवला, पेरानं ठोकून कान लावला. विचारलं, "हे कोणी शिकवलं?"

गाडीवान तिथंच होता, आपली चाकं नदीत टाकायला आलेला. मी म्हणालो, "माझं मीच काढलं. इथल्या उन्हाला असंच लागतं."

बाप म्हणाला, "बरोबर काढलंस." आयुष्यात मला तो एवढंच चांगलं बोलला. गाडीवानानं माझ्याकडं बघितलं, मग बापाकडं. म्हणाला, "हां काका. ह्यांचीच अक्कल." आणि वाकून चाकावर दगड ठेवला.

गाडीवान गेला त्याला पुष्कळ वर्षं झाली. होडीही गेली, घाटही बदलला. मी बापाजवळ जे बोललो ते तेव्हा मागं घेतलं नाही, आणि नंतर घ्यायला बापही राहिला नाही. म्हणून इथं लिहून ठेवतो. छप्पर गाडीवानानं ओढलं. पाणी होडीत घालायचं त्यानं सांगितलं. नारळाच्या आधी होडी पाण्याला लागू दिली नाही, ते मात्र माझं.